अर्धा ईमान, एक बादली पाणी

शाबानचा महिना संपत आला की आमच्या मोहल्ल्यात घराघरांतून पाण्याचा आवाज येऊ लागतो. गाद्या गच्चीवर पडतात, पडदे उतरतात, डबे पालथे होतात, माळ्यावरची तांब्याची देग खाली येते. माझ्या मराठी मैत्रिणींना मी सांगते, तुमची दिवाळीआधीची सफाई तशी आमची रमजानआधीची. फरक एवढाच की तुमच्याकडे सफाईनंतर फराळ असतो, आमच्याकडे रोजे.

मी सोलापुरात उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. वर्गात व्याकरण, पत्रलेखन, सूचनालेखन आणि वर्गाबाहेर जे काही समोर येईल ते. पालकसभेला येणाऱ्या बहुतेक आया विडी वळणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या किंवा चार घरची धुणीभांडी करणाऱ्या. मुलींच्या अभ्यासाबद्दल बोलून झालं की गप्पा घरखर्चावर येतात. गेल्या वर्षी अशाच एका सभेत कुणीतरी म्हणालं, टीचर, संडास-बाथरूम धुवायची औषधं किती महाग झालीत! मी लगेच शहाणपण शिकवलं. म्हटलं, कशाला महागाची बाटली आणता? ब्लीचिंग पावडर आणा, स्वस्त असते. पाण्यात कालवा, फरशीवर टाका, डाग जातात, वासही जातो. सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही बरं वाटलं.

आठवड्याभरानं दुपारच्या सुट्टीत नववीतली एक मुलगी धावत माझ्याकडे आली. तिच्या धाकट्या भावानं शाळेत येऊन निरोप दिला होता. ती एवढंच बोलली, "टीचर, अम्मीकू सांस नै आरी."

तिच्या आईनं बाथरूम धुवायला काढलं होतं. आधी दारावर येणाऱ्या फेरीवाल्याकडून घेतलेलं ॲसिड टाकलं. डाग पुरते गेले नाहीत, तेव्हा टीचरनं सांगितलेली ब्लीचिंग पावडर वरून टाकली. दोन चांगल्या गोष्टी एकत्र केल्या तर दुप्पट चांगलं काम होईल, असा तिचा सरळ हिशेब. पिवळसर हिरवा धूर निघाला. खिडकी हातभर उंचीची, दार लावलेलं. ती उकिडवी बसून घासत होती. शेजारच्या खालानं खोकल्याचा आवाज ऐकला आणि तिला बाहेर ओढलं. रिक्षानं दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावला. अल्लाहचा करम, ती वाचली. पण पुढे कित्येक दिवस तिचा खोकला गेला नाही. रमजानचे पहिले रोजे तिला सोडावे लागले. त्याचं दुःख तिला खोकल्यापेक्षा जास्त होतं.

मी तिला भेटायला गेले तेव्हा तिनं मला काही म्हटलं नाही. उलट माझ्यासाठी चहा टाकायला उठू लागली. मला मात्र तिच्याकडे पाहवेना. मी सांगितलेलं खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. शिक्षकानं अर्धं सांगणं म्हणजे काय, हे मला बी.एड.च्या कोणत्याही तासाला शिकवलं गेलं नव्हतं. ते मी त्या घरात शिकले.

त्या दिवशी तिथं नेमकं काय घडलं ते आधी सांगते, कारण हा लेख वाचून तुम्ही बाकी सगळं विसरलात तरी एवढं विसरू नका. बाथरूमचं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. ब्लीचिंग पावडर किंवा बाटलीतलं ब्लीच म्हणजे क्लोरीन बांधून ठेवलेला पदार्थ. आम्ल पडलं की ती गाठ सुटते आणि क्लोरीन वायू मोकळा होतो. हा तोच वायू, जो पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र शहराजवळ सैनिकांवर शस्त्र म्हणून सोडला गेला होता. तो हवेपेक्षा जड असतो, म्हणून खाली जमिनीलगत साचतो. म्हणजे उभं राहून पाणी ओतणाऱ्यापेक्षा बसून फरशी घासणाऱ्या बाईच्या छातीत तो जास्त जातो. लिंबू किंवा सिरका म्हणजे व्हिनेगरही आम्लच आहे. ब्लीचमध्ये तेही घालायचं नाही. लघवीचा उग्र वास येणाऱ्या, खूप दिवस न धुतलेल्या संडासात ब्लीच टाकलं तरी घातक वाफा निघू शकतात. तिथं आधी भरपूर पाणी ओतायचं. आणि कधी चुकून असा धूर झालाच, तर वरून आणखी काही टाकत बसायचं नाही. श्वास रोखून बाहेर यायचं, दार-खिडकी उघडायची, मोकळ्या हवेत बसायचं आणि खोकला किंवा छातीत जळजळ असेल तर दवाखाना गाठायचा.

आता मूळ प्रश्नाकडे येते. त्या घटनेनंतर एक सोपा निष्कर्ष काढता आला असता. घरगुती नुस्खे बंद करा, बाजारातली चांगली बाटली आणा. काही सहकाऱ्यांनी तेच सांगितलं. दुसऱ्या बाजूनं आमच्या एका नातेवाईक आपांनी सांगितलं की हे सगळं 'केमिकल'मुळे होतं, आपल्या दादी-नानीच्या वेळी राख आणि रिठा होता, तेच बरं होतं. मला दोन्ही पटत नाही. पहिलं म्हणणं गरिबाचा खिसा बघत नाही. दुसरं म्हणणं दादी-नानीचे हात बघत नाही.

माझं मत असं आहे की घरी स्वस्तात सफाईचं सामान बनवणं शक्य आहे, योग्य आहे आणि आमच्यासारख्या वस्त्यांत ते गरजेचं आहे. पण त्यातला सगळ्यात महत्त्वाचा घटक सोडा नाही, लिंबू नाही, सिरका नाही. तो घटक म्हणजे माहिती, आणि तीही घासणाऱ्या बाईला समजेल अशा भाषेत. बाटलीमागची सूचना मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजीत छापलेली. मोबाइलवरच्या नुस्ख्यात 'हे टाका, ते टाका' असतं. 'हे कशात टाकू नका' हे नसतं. या दोहोंच्या मधे आमची बाई उकिडवी बसलेली आहे.

आमच्या घरांत आणखी एक गोंधळ असतो, तो मी शब्दांची शिक्षिका म्हणून आधी सोडवते. पाक, साफ आणि जंतुमुक्त हे तीन वेगळे शब्द आहेत. आमच्याकडे तहारतीला, म्हणजे पाकीला, ईमानचा अर्धा हिस्सा मानलं जातं. लहानपणापासून हे ऐकत आलेली बाई घर स्वच्छ ठेवण्यात जीव ओतते. जाहिराती नेमक्या याच भावनेवर बोट ठेवतात. फेस आला, सुगंध आला, म्हणजे झालं. पण पाक होण्यासाठी सुगंधाची अट कुठेच नाही. नापाकी स्वच्छ पाण्यानं नीट धुतली की कपडा पाक होतो, जागा पाक होते. प्रेषित सल्लल्लाहु अलैहि व सल्लम एका मुद्द पाण्यात वुजू करत असत, असं हदीसमध्ये येतं. मुद्द म्हणजे आजच्या मापात साधारण पाऊण लिटर. आपण नळ सोडून किती बादल्या वाहवतो, ते आपणच मोजावं.

साफ ही वेगळी गोष्ट आहे. तेल, माती, चहाचा डाग, क्षार निघून जाणं म्हणजे साफ. त्यासाठी साबण, सोडा किंवा आम्ल लागतं. कुठे काय ते डागावर अवलंबून. आणि जंतुमुक्त ही तिसरी गोष्ट. ती रोज लागत नाही. घरात कुणाला जुलाब-उलट्या झाल्या, ओकारी झाली, तेव्हा लागते. आपण रोजच्या फरशीवर तिसऱ्या गोष्टीचे पैसे देतो, आणि खरी गरज पडते तेव्हा नुसता सुगंध शिंपडतो.

हे तीन शब्द वेगळे केले की खर्च आपोआप कमी होतो. माझ्याच घरचा हिशेब सांगते. आधी महिन्याला टॉयलेट क्लीनर २१० रुपये, फरशीचं औषध २००, भांड्यांचं लिक्विड १५०, काचेचा स्प्रे १०० आणि हात धुवायचं लिक्विड ११०. एकूण ७७० रुपये. आता धुण्याचा सोडा ४०, खाण्याचा सोडा ३०, लिंबाचं फूल ५०, अंगाच्या साबणाच्या दोन वड्या ७०, ब्लीचची छोटी बाटली ५०, रिठे ३०, भांड्यांचा साबण ४०. हे झाले ३१०. टॉयलेट क्लीनर मी सोडलेलं नाही, पण एक बाटली दोन महिने पुरवते, म्हणजे महिन्याचे १०५. सगळे मिळून ४१५. वाचले ३५५. वर्षाला चार हजारांच्या वर. माझ्यासारख्या पगारदार बाईसाठी ही बचत आहे. विड्या वळणाऱ्या आईसाठी ती मुलीच्या वह्या, गणवेश आणि सहामाहीची रिक्षा आहे.

आता काय कशासाठी, ते सांगते. नुसती कृती सांगणार नाही, कारणही सांगते. ती चूक मी एकदा केली आहे.

सगळ्यात आधी हात धुवायचं लिक्विड. साबणाची साधारण शंभर ग्रॅमची वडी किसणीवर किसायची, एक लिटर गरम पाण्यात विरघळवायची, रात्रभर ठेवायची. सकाळी ते घट्ट झालं तर आणखी थोडं पाणी घालून घुसळायचं. न्हाणीतल्या साबणाच्या उरलेल्या चिपट्याही यात चालतात. पंधरा दिवसांत संपेल एवढंच करायचं, कारण पाणी घातलेली कोणतीही गोष्ट घरी फार दिवस टिकत नाही. आमच्या शाळेत मुलींनी हे करून नळाजवळ बाटल्या ठेवल्या. हात धुवायला साबण पुरेसा असतो. तो तेलाबरोबर जंतूही सुटे करून पाण्याबरोबर वाहून नेतो. हेच पातळ साबणपाणी फरशी पुसायला वापरायचं, बादलीला अर्धा कप. नंतर एकदा साध्या पाण्यानं पुसायचं, नाहीतर फरशी चिकट होते.

दुसरं, क्षार. सोलापुरात बोअरचं पाणी जड. नळावर, बादलीच्या कडेला, स्टीलच्या पिंपावर पांढरे थर बसतात. हा मुख्यतः चुनखडीसारखा क्षार. त्यावर साबण कितीही घासा, हात दुखतील, डाग हलणार नाही. तो आम्लानंच विरघळतो. त्यासाठी तीव्र ॲसिडची गरज नाही. किराणा दुकानात लिंबाचं फूल मिळतं, तेच सायट्रिक आम्ल. अर्धा लिटर गरम पाण्यात एक मोठा चमचा घालून, कपडा भिजवून नळाला गुंडाळून अर्धा तास ठेवायचा, मग घासायचं. सिरकाही चालतो, पण बाजारातल्या सिरक्यात आम्ल साधारण चार-पाच टक्केच असतं. त्यामुळे वेळ जास्त लागतो आणि पैसेही जास्त जातात.

पण इथंच एक सावधगिरी. आमच्याकडच्या स्वयंपाकाच्या ओट्यावर कडप्पा असतो, अंगणात आणि जुन्या घरांत शहाबादी फरशी. हे दोन्ही दगड चुन्याचे. संगमरवरही त्यातलाच. जे आम्ल नळावरचा क्षार खातं, तेच आम्ल या दगडालाही खातं. मोबाइलवर 'ओटा लिंबानं चमकवा' असं सांगतात. चार वेळा चमकवलात की ओटा कायमचा फिका आणि खरखरीत होईल. कडप्पा, शहाबाद, संगमरवर यांना फक्त साबणपाणी.

तिसरं, सोडा. इथं दोन सोडे आहेत आणि बायका त्यांची गल्लत करतात. खाण्याचा सोडा सौम्य. करपलेल्या स्टीलच्या पातेल्यात पाणी आणि दोन चमचे सोडा घालून दहा मिनिटं उकळलं की करप सुटते. फ्रिज पुसायला, डब्यांचा मसाल्याचा वास काढायला तोच. धुण्याचा सोडा त्याच्यापेक्षा बराच तीव्र. मेणचट भिंती, एक्झॉस्ट पंखा, तेलकट जाळी यांसाठी गरम पाण्यात एक चमचा पुरतो. पण त्याला उघड्या हातांनी शिवायचं नाही, हातमोजे घालायचे. आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांना कोणताच सोडा लावायचा नाही. ती काळी पडतात. आमच्याकडे बिर्याणीची मोठी पातेली बहुधा ॲल्युमिनियमची असतात, म्हणून मुद्दाम सांगते.

आणि तो प्रसिद्ध प्रयोग, सोड्यावर सिरका ओतायचा, फसफस फेस येतो, बघणारा म्हणतो वा! मी आठवीच्या वर्गात तो करून दाखवला आणि मुलींना विचारलं, आता या पाण्यात काय उरलं? आम्ल आणि अल्क यांनी एकमेकांना संपवलं. उरलं ते मुख्यतः पाणी आणि थोडं मीठासारखं काहीतरी. फेस म्हणजे उडून गेलेला कार्बन डायऑक्साइड. बुडबुड्यांनी थोडा गाळ हलतो, एवढंच. सोडा तेलाला वापरा, सिरका क्षाराला वापरा. दोघांची गाठ घालून दोघांचेही पैसे वाया घालवू नका.

चौथं, रिठा. यावर माझा जीव आहे. वीस-पंचवीस रिठे फोडून बिया काढायच्या, एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायचे, सकाळी पंधरा मिनिटं उकळून, कुस्करून गाळायचे. रेशमी साडी, लोकरीचा स्वेटर, जरीचा दुपट्टा यांना याच्यासारखं काही नाही. सोनार दागिने उजळायला रिठाच वापरत आले आहेत. त्याच्या सालीत सॅपोनिन नावाचे फेस करणारे पदार्थ असतात. डोळ्यांत गेलं तर फार चुरचुरतं. फ्रिजमध्ये ठेवून आठवड्यात संपवायचं, नंतर त्याला वास येतो.

रिठ्याचा विषय निघाला की मला बोरीचा पाला आठवतो. आमच्याकडे मय्यतीला शेवटची आंघोळ घालताना पाण्यात बोरीची पानं उकळतात, आणि शेवटच्या पाण्यात कापूर घालतात. माझी अम्मी गेली तेव्हा गुस्ल देणाऱ्या बायकांत मीही होते. पानं चोळली तसा पाण्यावर हलका फेस आला. तेव्हा दुःखात काही सुचलं नाही. नंतर वाचलं की बोरीच्या पानांतही तेच सॅपोनिन असतं. माणसाच्या शेवटच्या सफाईसाठी दीनमध्ये जे सांगितलं आहे ते किती साधं आणि किती परवडणारं आहे! गरीब असो की श्रीमंत, पाला तोच. ज्या समाजाची शेवटची आंघोळ झाडाच्या पानांनी होते, त्या समाजाला स्वच्छता महागाच्या बाटलीतूनच येते असं वाटावं, याचं मला नवल वाटतं.

आता राख. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, ते सोड्यासारखं काम करतं, आणि बारीक कण घासायला मदत करतात. भांडी निघतात यात शंका नाही. पण माझ्या नानीची बोटं मी पाहिली आहेत. हिवाळ्यात भेगांतून रक्त यायचं, रात्री ती त्यात गोडं तेल भरायची. जुनं ते सगळं सोनं, असं म्हणणाऱ्यांनी एकदा ती बोटं पाहायला हवी होती. चूल असेल तर राख चाळून वापरा, पण प्लास्टिक-कचरा जाळलेली राख अजिबात नको. आणि चूल नसेल तर राखेसाठी हळहळू नका, भांड्यांच्या साबणाची वडी स्वस्त आणि चांगली आहे.

तांब्या-पितळेला चिंच आणि मीठ. काळपट थर आम्लानं निघतो. देग बाहेरून घासा, पण आतून कलई असेल तर चिंच लावू नका. कलई जाते आणि मग त्यातलं आंबट जेवण तांब्याला लागतं.

हल्ली बायो-एन्झाइमची फार चर्चा आहे. एक भाग गूळ, तीन भाग संत्र्या-मोसंबीच्या साली, दहा भाग पाणी, आणि तीन महिने थांबायचं. मी करून पाहिलं. सौम्य आंबट पाणी तयार होतं, पाण्यात मिसळून टाइल्सची फरशी पुसायला ठीक आहे. काचेच्या बाटलीत करू नका. वायू साचून बाटली फुटू शकते; प्लास्टिकच्या बाटलीचं झाकणही पहिला महिनाभर रोज सैल करावं लागतं. त्यानं रोगजंतू मरतात असं समजून आजाऱ्याच्या खोलीत त्यावर विसंबू नका. आमच्या बायकांनी मला आणखी एक प्रश्न विचारला, जो दुसऱ्या कुठल्या वर्गात कुणी विचारला नसता. टीचर, गूळ सडवला की शराब होते ना? मग ते पाणी घरात चालेल का? प्रश्न बरोबर आहे. आंबताना आधी थोडा अल्कोहोल होतो, मग त्याचा सिरका होतो. मी मुफ्ती नाही. सिरक्याबद्दल फिकहमध्ये स्वतंत्र चर्चा आहे आणि मसलकांत फरकही आहेत. आपापल्या आलिमांना विचारून घ्या. मनात शंका असेल तर साबणपाणी आहेच. शंकेच्या पाण्यानं मुसल्ल्याखालची फरशी पुसण्यात काय सुख?

शेवटी ब्लीच. मी ते घरातून हाकललेलं नाही. आजारपणात ते लागतंच. बाटलीवर साधारण पाच टक्के लिहिलेलं असेल तर एक लिटर थंड पाण्यात चहाचे चार चमचे, म्हणजे वीस मिली. आधी साबणानं घाण काढायची, स्वच्छ पाण्यानं धुवायचं, मग हे पाणी लावून दहा मिनिटं ठेवायचं, मग पुन्हा धुवायचं. खिडकी उघडी. त्या दिवशी केलेलं त्याच दिवशी संपवायचं. आणि त्याच्यासोबत दुसरं काहीही नाही. काहीही म्हणजे काहीही.

तीव्र ॲसिड मात्र मी घरातून पूर्ण काढलं. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली सुट्या ॲसिडविक्रीवर निर्बंध घातले. विक्रेत्यानं ग्राहकाची नोंद ठेवायची, ओळखपत्र पाहायचं, अठरा वर्षांखालच्यांना विकायचं नाही. हे निर्बंध ॲसिड हल्ल्यांमधून आले, एका तरुण मुलीनं लढलेल्या खटल्यातून. तरी आमच्या गल्लीत ते कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत येतं. जी वस्तू मुलींच्या चेहऱ्यासाठी धोकादायक म्हणून कायद्यानं आवरली, ती त्याच मुलींच्या आईच्या हाती उघडी दिली जाते, आणि उन्हातून आलेलं लेकरू ती सरबत समजून तोंडाला लावू शकतं. चार पैसे वाचतात म्हणून हे घेऊ नका. ही बचत नाही.

एवढं सगळं लिहून झाल्यावर मला माझ्याच लेखात एक खोट दिसते. रिठे कोण भिजवणार? साबण कोण किसणार? बाटलीचे पैसे वाचतात, पण ते बहुतेक वेळा बाईच्या वेळेतून वाचतात. घरगुती नुस्ख्यांचं कौतुक करणारे पुरुष मला पुष्कळ भेटले, किसणी हातात घेतलेला एकच भेटला, आणि तो माझा दहावीतला मुलगा, तोही मी मोबाइल काढून घेतल्यावर. प्रेषित घरात असताना घरच्यांची कामं करत, आपली पादत्राणं स्वतः दुरुस्त करत, हे आमच्या प्रत्येक मदरशात शिकवलं जातं. शिकवलेलं न्हाणीपर्यंत पोहोचत नाही. म्हणून माझी विनंती आहे, घरी सामान बनवायचं ठरवलंत तर रविवारी सकाळी घरातल्या पुरुषांना आणि मुलांना सोबत बसवा. वाचलेला पैसा सगळ्यांचा असेल तर मेहनतही सगळ्यांची असू द्या. नाहीतर बाईनं खुशाल बाटली विकत आणावी. तिच्या एका तासालाही किंमत आहे.

त्या घटनेनंतर मी नववीच्या वर्गात सूचनालेखनाचा धडा बदलला. पुस्तकात 'बागेतील फुले तोडू नका' अशी सूचना लिहायला होती. मी मुलींना सांगितलं, घरातल्या न्हाणीत आणि ओट्याखाली ज्या ज्या बाटल्या आहेत त्यांची यादी करून आणा, आणि प्रत्येकीसाठी तीन ओळींची सूचना लिहा. आत काय आहे, कशासाठी आहे, कशात मिसळायचं नाही. वर मराठीत, खाली उर्दूत. सत्तर-ऐंशी चिठ्ठ्या तयार झाल्या. शुद्धलेखन तपासताना मी लाल पेन कमी चालवला, पण 'नका' या शब्दाखाली प्रत्येकीला दोन रेघा मारायला लावल्या. मग त्या चिठ्ठ्या पारदर्शक चिकटपट्टीनं बाटल्यांवर लावायला घरी दिल्या.

त्या मुलीच्या घरी मी पुढच्या शाबानमध्ये पुन्हा गेले. न्हाणीत ॲसिडची बाटली नव्हती. ब्लीचची छोटी बाटली उंच फळीवर होती, तिच्यावर लेकीच्या अक्षरातली चिठ्ठी. अम्मी मराठी वाचू शकत नाही, उर्दू अडखळत वाचते. तिनं माझ्यासमोर बोट ठेवून ती ओळ वाचली, 'ॲसिड के साथ मत मिलाओ', आणि लेकीकडे पाहून हसली. या वेळी चहा झाला आणि मी तो नीट बसून प्याले.

तुमच्या घरातही आज संध्याकाळी पाच मिनिटं काढा. न्हाणीत जा, बाटल्या पाहा. ज्यांच्यावर तुमच्या घरातल्या सगळ्यांना वाचता येईल असं काही लिहिलेलं नाही, त्यांच्यावर लिहा. मराठीत लिहा, उर्दूत लिहा, वाचता येत नसेल तर चित्र काढा. रिठे-सोड्याचं नंतर बघू. सफाईची सुरुवात तिथून होते.